घराचा दुसरा पत्ता

दार नीट लावून घ्या रे पोरांनो. आतला गारवा बाहेर जातो आणि बाहेरचे डास आत येतात. चहा किटलीत आहे, साखर ज्याची त्यानं बघावी.

तुम्ही दोघं मघापासून त्या पडद्यापुढं डोकं धरून बसलाय. "काका, कधी लागतंय, कधी लागत नाही." हे वाक्य मी याआधीही एकदा ऐकलंय. आता तू बसलायस ना, त्याच खुर्चीत आमचा फरदीन बसायचा. मिरजेचाच पोरगा. बाप तंबोऱ्याचे भोपळे घासणारा कारागीर आणि हा कॉम्प्युटरच्या तारांत अडकलेला. तार ती तारच, सूर लागला म्हणजे झालं, असं त्याचा बाप म्हणायचा.

मी या दवाखान्याचा जनरेटरवाला माणूस. तुमच्या पत्त्याबित्त्यातलं मला काडीचं कळत नाही. पण फरदीननं ही हकीकत याच खोलीत, याच स्टुलावर बसून मला सांगितली, आणि सांगताना हातातला चहा निवून गेला तरी त्याला भान नव्हतं. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच लघवीला जाऊन यावं, मध्ये उठायचं नाही.

तर फरदीन त्या दिवशी वडूजकडं निघाला तो एका घंटीसाठी.

मागल्या वर्षीचा मार्गशीर्ष. शेवटचा गुरुवार, अमावास्या दोन दिवसांवर आलेली. सकाळची पाळी संपवून त्यानं मोटारसायकल काढली आणि विट्यावरून मायणीच्या रस्त्याला लागला. सकाळी मनुबाईंचा फोन आला होता. "फरदीन, बाळा, आमच्या घरातली ती घंटी तेवढी नीट करून दे. कवा वाजतीया, कवा न्हाई." एवढंच. या पोराला नाही म्हणता आलं नसतं, कारण मनुबाई म्हणजे शिवतेजची आई.

शिवतेज कोण, ते तुम्हाला माहीत नसणार. फरदीनच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. खटाव तालुक्यातल्या एका खेड्यातला, एकुलता एक, उंच, हसरा आणि पक्का आळशी. शेतात खोरं हातात असताना सुद्धा वाकायचा कंटाळा, टाचेनंच माती ढकलायचा, यावरून बापाची रोज बोलणी खायचा. पण डोकं तल्लख. त्यानंच घरी ती घंटी बसवली होती.

तिकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की माणसं कानटोप्या घालून रानात जातात आणि दारं धरतात. दारं धरणं म्हणजे, शहरातल्या पोरांनो, एक वाफा भरला की त्याच्या तोंडाला माती लावून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. ते काम कुठलंही बटण करत नाही, तिथं माणूसच लागतो. शिवतेजचे वडील गुंडातात्या हे काम करायचे. तोफखान्यातून रिटायर झालेले, गुडघ्यांनी अधू आणि तोफांच्या आवाजानं कानही गेलेले. विहीर घळीत, तिथं मोबाइलला रेंज नाही. रात्री म्हातारा पडला, जनावर चावलं, तर हाक कुणाला मारणार? ही काळजी शिवतेजच्या जिवाला लागून राहिली होती.

म्हणून त्यानं इथं भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला. घराच्या छपरावर डिश अँटेनासारखी एक थाळी बसवली, विहिरीच्या खोलीवर दुसरी, दोघींची तोंडं एकमेकींकडं. खोलीत एक पेटी, तिला बटण, बोलायची सोय. ते दाबलं की घरात चुलीवरच्या फळीवर घंटी वाजणार, रिसीव्हर उचलून बोलायचं. त्या कॉम्प्युटरचं नाव त्यानं ठेवलं होतं 'घर'. बटण दाबलं की पेटी आधी विचारायची, घर कुठं आहे? पत्ता मिळाला की तिथं घंटी.

आता खरी गोम इथं होती. त्या कॉम्प्युटरला तारा दोन. एक घरात जाणारी, एक शेताकडं तोंड केलेल्या थाळीला. तारा दोन म्हणजे पत्ते दोन. आपल्या इथल्या मोठ्या सर्व्हरलाही दोन आहेत आणि आपण दोन्ही पत्ते एकाच नावाखाली घालतो, कारण इथं दोन्ही रस्ते प्रत्येक वॉर्डात पोचतात. एक पाय मोडला तर दुसऱ्यावर उभा. ही आपल्या दवाखान्याची रीत, वर्षानुवर्षांची. नावाला पत्ता सांगणारं ते, ज्याला तुम्ही डीएनएस म्हणता, ते एकदा हा पत्ता सांगतं, एकदा तो.

शिवतेजनं रविवारी गावाकडून फोन करून विचारलं होतं, "फरद्या, घरचे दोन पत्ते झाल्यात. कुठला घालू?" फरदीन तेव्हा बहिणीच्या लग्नाच्या जेवणावळीत. एका हातात पातेलं, खांद्यावर मोबाइल. तो म्हणाला, "दोन्ही घाल की. आपण हितं घालतो तसं." आणि विसरून गेला. त्या वाक्यात काय बिघडणार होतं, तुम्हीच सांगा.

त्याच्या आधीच्या पौषातल्या एका रात्री तात्यांची दारं धरायची पाळी होती. शिवतेज शनिवारची सुट्टी म्हणून घरी आलेला. तात्यांचा गुडघा सुजला होता. तो म्हणाला, "तुमी झोपा, म्या जातो." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "जातो म्हनू नगं रं, येतो म्हन!" हे त्यांचं नेहमीचं. तो मुद्दाम जातो म्हणायचा आणि ती मुद्दाम रागवायची. तो हसत निघून गेला. मोटारीच्या स्टार्टरमध्ये करंट उतरला होता. सकाळी तात्या चहा घेऊन गेले, तेव्हा पोरगा खोलीच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला. लगेच गेला की वेळानं गेला, हे कुणालाच कळलं नाही. गव्हाचे शेवटचे चार वाफे तेवढे कोरडे राहिले होते.

फरदीन मातीला गेला होता. लांब उभा राहून रडला आणि परत आला. घंटीचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नाही. आणि आता मनुबाईंचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं, तात्या रात्रीचे जात असतील, बटण दाबत असतील, कधी लागत असेल, कधी नसेल.

गावात पोचेपर्यंत दिवे लागले. गुरुवार असल्यामुळं घरोघरी घट मांडलेले, बायका हळदीकुंकवाला निघालेल्या. या घरात काही नव्हतं. वर्षाच्या आत सण करत नाहीत. मनुबाई दारातच बसून होत्या. पोरगं गेल्यापासून बाई निम्मी झाली होती. फरदीनला बघून पहिल्यांदा त्याच्या मागं कुणी उतरतंय का, असं त्यांनी बघितलं. सवय.

"आलास? हातपाय धू. भाकरी गरम हाय."

जेवण झाल्यावर हात धुताना तात्या फरदीनच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं, कान गेलेल्या माणसासारखं बोलले, "तिच्या मनाचं समादान कर, बाळा. मला तर काय ऐकू येत न्हाई. ती म्हनती वाजती." आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी होता. मनुबाई त्याला रोज पुसत असणार, धुळीचा कण नव्हता. फरदीननं आपला लॅपटॉप जोडला. मनुबाई चुलीपाशी पाटावर बसल्या.

"कवा कवा वाजते, काकू?"

"रातच्या लाइटीच्या हप्त्यात. लाइट आली की मागनं थोड्या येळानं. एकाद्या राती वाजती. म्या उचलूस्तवर बंद हुती. एकाद्या राती वाजतच न्हाई, पर मला कळतं."

"काय कळतं?"

त्यांनी लाकूड आत सारलं.

फरदीननं मागल्या रात्रींच्या नोंदी बघितल्या, आणि कोडं लगेच सुटलं. त्याच्या धंद्यातलंच दुखणं होतं ते. शेताकडून प्रश्न येत होता, घर कुठं? इथून उत्तर जात होतं, कधी शेताकडच्या तारेचा पत्ता, कधी घराच्या आतल्या तारेचा. शेताकडचा मिळाला तर घंटी वाजणार. आतला मिळाला तर नाही, कारण शेतातून त्या आतल्या पत्त्यापर्यंत रस्ताच नव्हता. दवाखान्यात सगळे रस्ते एकमेकांना मिळतात. या घरात मिळत नव्हते.

आणि दुसरं. विहिरीवरची पेटी एकदा ऐकलेला पत्ता रात्रभर लक्षात ठेवायची. पहिल्यांदा चुकीचा मिळाला, की मग कितीही वेळा दाबा. रात्रभर चुकीच्याच दाराशी.

फरदीनचे हात थांबले.

दोन्ही घाल की. आपण हितं घालतो तसं.

मान वर न करताच त्यानं विचारलं, "काकू, त्या राती... घंटी वाजली हुती?"

"न्हाई रं. म्या जागीच हुते. त्येच्यासाठी दूध ठेवलं हुतं चुलीवर." मनुबाई विस्तवाकडं बघत होत्या. "वाजली असती तर म्या अशी बसून ऱ्हायले असते का?"

पोरांनो, माणूस अशा वेळी गप्प बसतो. कुणाला कळणार होतं? तात्यांना कळणार नव्हतं, गावाला कळणार नव्हतं. पण फरदीन त्या पाटाजवळ खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. शिव्यानं फोन केला होता, मीच म्हणालो दोन्ही घाल, मला हे सुचायला पाहिजे होतं, मी जेवणावळीत होतो. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला.

मनुबाईंनी ऐकून घेतलं. पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, मग त्याचं पुसलं.

"आता नीट हुईल का, तेवढं सांग."

"व्हईल."

"मग कर."

त्यानं केलं. नाव एकच ठेवलं, पण घरातून कुणी विचारलं तर घरातला पत्ता आणि शेताकडून विचारलं तर शेताकडचा, असं बांधून दिलं. शेताकडच्याला आतला पत्ता आता कधीच मिळणार नव्हता. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांचं काम होतं रे ते, असं तो मला तीनदा म्हणाला.

एकच राहिलं. विहिरीवरच्या पेटीच्या डोक्यात आजचा जुना पत्ता असेल तर तो काढायला हवा होता. पेटी बंद करून चालू केली, की विसरते. नवीन विचारते. फरदीननं पडद्यावर पुन्हा नजर टाकली. शेताकडून आजही प्रश्न आलेला होता. म्हणजे पेटी चालू होती.

"म्या जातो, काकू. पेटी बंद करून चालू करतो आन् बटण दाबून बघतो. तुमी हितं ऱ्हावा, वाजली की उचला."

"जातो म्हनू नगं." मनुबाई एकदम म्हणाल्या. "येतो म्हन."

"येतो."

त्यांनी त्याच्या हातात काठी दिली आणि बॅटरी दिली. काहीतरी सांगायचं होतं त्यांच्या मनात, तोंडापर्यंत आलंही होतं. पण नुसतंच म्हणाल्या, "पायाखाली बघ."

पाऊलवाट सरळ होती. थंडी अशी की नाकातून पाणी यावं. गाव मागं पडलं, कुत्री मागं पडली. घळीच्या तोंडाशी आला आणि तेवढ्यात लाइट आली असणार, कारण चहूबाजूंच्या विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक घुमायला लागल्या. त्याला जरा धीर आला. माणसं जागी आहेत म्हटलं.

तात्यांच्या रानात मात्र काही घुमलं नाही.

बॅटरीच्या उजेडात त्याला रान दिसलं. वर्षभर नांगर लागला नव्हता. गेल्या वर्षीचा गहू तसाच वाळून मातीला मिळालेला, वाफ्यांचे वरंबे पावसानं अर्धे पुसलेले. ज्या रानात पोरगा गेला तिथं बापानं परत पाऊल टाकलं नव्हतं. मग रात्री इथं येऊन बटण कोण दाबतंय, हे फरदीनच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं.

खोलीला दार नव्हतं. तो आत शिरला. उजेड भिंतीवर टाकला.

स्टार्टर नव्हता. नुसती फळी.

मोटार नव्हती. पाइप वर काढून ठेवलेला.

पेटी... पेटी नव्हती. चार स्क्रूंची चार भोकं, आणि छपरातून खाली आलेली थाळीची तार. कापलेली. टोक काळं पडलेलं.

फरदीन तसाच उलटा बाहेर आला. बांधावरच्या लिंबाखाली रेंजची एक कांडी मिळते, हे त्याला शिवतेजनंच कधीतरी सांगितलेलं. तिथं उभा राहून त्यानं फोन लावला. खोलीचं उघडं तोंड समोर, दहा पावलांवर.

"काकू. हितं पेटीच न्हाई."

पलीकडं चुलीतलं लाकूड तडतडल्याचं ऐकू आलं.

"काकू?"

"ठावं हाय रं. ह्येंनी तेराव्यालाच काढली. माळ्यावर पडलीया."

"मग मला..."

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

फरदीनच्या डोळ्यांपुढं तो पडदा होता. घर कुठं? घर कुठं? वर्षभर. रात्रीच्या लाइटीच्या प्रत्येक आठवड्यात. कुणीतरी विचारत होतं, आणि ज्या रात्री चुकीचा पत्ता मिळेल त्या रात्री, पहाटेपर्यंत...

पळाला असता तर मी त्याला नावं ठेवली नसती. मी असतो तर मिरजेपर्यंत पळालो असतो. पण हा पोरगा उभा राहिला. भीती होती, त्याचे दात वाजत होते, ते त्यानं कबूल केलं. पण भीतीपेक्षा दुसरं काहीतरी मोठं होतं. त्याला वाटलं, आपण जे बिघडवलं ते आपणच नीट करायचं, आणि काम अजून पुरं झालेलं नाही. पेटी असती तर बंद करून चालू केली असती. पेटी नाही. मग आता ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं लागणार.

त्यानं बॅटरी विझवली. का विझवली, ते त्याला सांगता आलं नाही.

"शिव्या," तो म्हणाला.

काही नाही.

"शिव्या, मी फरदीन. तो जुना पत्ता चुकीचा हाय. माझ्यामुळं चुकला, गड्या. तो विसर... आन् परत विचार."

मोटारी घुमत होत्या. लांब, चारी बाजूंनी. मग त्या घुमत असूनही ऐकू येईनाशा झाल्या.

फोन कानाला होता.

फोनमध्ये, तिकडं, स्वयंपाकघरात...

घंटी वाजली.

थांबली नाही. वाजत राहिली.

"काकू," तो कुजबुजला. "उचला."

रिसीव्हर उचलल्याचा खट्ट आवाज. मग मनुबाईंचा श्वास. आणि फरदीनच्या समोर, त्या दार नसलेल्या खोलीत, अंधारात, घसा कोरडा पडलेल्या माणसानं खाकरावं तसं कुणीतरी खाकरलं.

"आई."

आवाज फोनमधून नव्हता. दहा पावलांवरून होता.

"...बाळा."

हा फोनमधून.

"लय येळ दाबतोय गं. लागतच नव्हती."

फरदीन लिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसला. वर्षभर त्याच्या मनात जे नव्हतंच, आणि तासाभरापूर्वी पहिल्यांदा आलं होतं, त्याचं उत्तर मिळालं. पोरानं हाक मारली होती. त्या रात्री. किती तरी वेळ.

"व्हय रं राजा. घंटी नीट नव्हती. तुजी आई जागीच हुती. वाजली असती तर पळत आली असती रं..."

"रडू नगं."

"न्हाई रडत."

"तात्या?"

"झोपल्यात."

"उठवू नगं. गुडगा सुजलाय त्येंचा." जरा थांबून, "शेवटचं चार वाफं ऱ्हायल्यात. तेवढं झालं की..."

"थंडी लय हाय. अंगात हाय का काय?"

"हाय. तू विणलेलं."

फरदीननं तोंडावर हात दाबून धरला होता.

"फरद्या आलाय न्हवं?"

"आलाय. त्यानंच नीट केली."

"जेवला?"

"जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

खोलीत कुणीतरी हलकं हसलं. ते हसणं फरदीनच्या ओळखीचं होतं, या टेबलापलीकडून त्यानं ते चार वर्षं ऐकलेलं. त्याला उठून पळत आत जावंसं वाटलं. त्या क्षणाला भीती कुठल्या कुठं गेली होती, उरलं होतं ते नुसतं दुःख. पण पाय उचलेनात.

"आई..."

"बोल."

"येतो."

पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

जी बाई आयुष्यभर त्याला दारात अडवून येतो म्हणायला लावत होती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. श्वास तेवढा. एक. दुसरा.

"न्हाई रं, माज्या राजा..."

मग मनुबाईच म्हणाल्या,

"जा आता. जा."

खट्ट.

मोटारी पुन्हा ऐकू यायला लागल्या.

फरदीन घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. मनुबाई पाटावर तशाच बसल्या होत्या, रिसीव्हर मांडीवर घेऊन. त्यांनी त्याला ऊन दूध दिलं. त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. बोलण्यासारखं काय उरलं होतं? घंटी त्यानंतर कधी वाजली नाही. फरदीननं दोन वेळा जाऊन तपासली, अगदी नीट आहे. पडद्यावर शेताकडून आता कुणी काही विचारत नाही.

पहाटे तात्या उठले. त्यांना रात्रीचं काहीच माहीत नव्हतं. पण का कुणास ठाऊक, वर्षात पहिल्यांदा त्यांनी पायात वहाणा घातल्या, कोपऱ्यातली काठी घेतली आणि म्हणाले, "चल बाळा, रानात चक्कर टाकून येऊ." फरदीन निमूट मागं गेला.

सगळं रान वाळून कोळ झालेलं. धुकं जरा वर उचललं होतं. तात्या बांधावर चढले आणि थांबले. त्यांनी काठीनं दाखवलं.

पलीकडच्या टोकाचे चार वाफे ओले होते. मोटार घराच्या अंगणात पोत्याखाली झाकलेली, विहिरीवर पाइप जोडलेला नाही, आणि त्या चार वाफ्यांत पाणी काठोकाठ बसलेलं. एकाच्या तोंडाला माती लावून दुसऱ्यात सोडलेलं, दुसऱ्याच्या तोंडाला लावून तिसऱ्यात. रीतसर.

तात्या गुडघ्यावर हात देत खाली वाकले. खोरं खोलीच्या भिंतीला टेकून होतं, जिथं वर्षभर होतं तिथं. कोरडं ठणठणीत, दांड्यावर कोळ्याचं जाळं. ते त्यांनी बघितलं. मग शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी लावलेल्या ओल्या मातीकडं बघितलं, आणि त्यांचा हात तिथंच, मातीला न लागता, थांबला.

माती टाचेनं ढकललेली होती. टाच खोल उमटली होती, आणि तिच्यात हळूहळू पाणी भरत होतं.